पत्र्याखालचा लॅपटॉप: घरीच कसा खोलावा, साफ करावा, जोडावा

आपल्याकडे आठ-दहा वर्षं वापरलेला लॅपटॉप 'गेला' असं म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा तो गेलेला नसतो, कोंडलेला असतो. दिवाळीपासून वेचणीचा कापूस भाव येईपर्यंत घरातल्याच एका खोलीत रचलेला, त्याचे तंतू घरभर. उन्हाळ्यात काळ्या रानाची बारीक धूळ, पारा बेचाळीसच्या वर आणि डोक्यावर पत्रे. पंखा तुंबतो, आतली चिप तापते आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद पडतं. दुसरं दुखणं जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं. ही दोन्ही कामं घरी होतात. मदरबोर्डवरच्या चिपा काढणं-बसवणं घरी होत नाही, त्या वाटेला जाऊच नये.

आधी दुखणं ओळखा

लाइटच लागत नसेल तर लॅपटॉप खोलायच्या आधी चार्जर तपासा. मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या २०० वर ठेवा, लाल काडी पिनच्या आतल्या भागाला आणि काळी बाहेरच्या कड्याला लावा. चार्जरच्या लेबलवर १९ किंवा १९.५ व्होल्ट लिहिलेलं असेल तर मीटरवर तेवढंच, फार तर थोडं इकडे-तिकडे दिसायला हवं. नवा चार्जर घेताना व्होल्ट अगदी तेच घ्या. अँपिअर जास्त चालतील, कमी चालणार नाहीत. काही कंपन्यांच्या पिनच्या मधोमध बारीक सुई असते, तिच्यातून लॅपटॉप आपला चार्जर ओळखतो. ती मोडली की लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही, आणि लोक उगाच नवी बॅटरी घेऊन बसतात.

लाइट लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच? अंधारात मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका मारा. अंधूक चित्र दिसलं तर फक्त पडद्यामागचा उजेड गेलाय. एचडीएमआय वायर टीव्हीला लावून बघा. टीव्हीवर चित्र आलं तर बोर्ड ठणठणीत आहे. दोन्हीकडे काहीच नसेल तर पहिला संशय रॅमवर, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीवर.

मशीन चालू होतं पण एक फोल्डर उघडायला चहा पिऊन होतो, आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सारखी शंभर टक्क्यांवर दिसते, तर बिघाड डिस्कचा. अर्ध्या तासात तळ चटका बसण्याइतका तापून बंद पडत असेल तर पंख्याचा.

चार्जर लावलेला असताना धातूच्या भागाला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रारही खूप घरांतून येते. ती बहुधा लॅपटॉपची नसते, घराच्या अर्थिंगची असते. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की हे वाढतं. खड्ड्यात पाणी सोडा, वायरमनकडून तपासून घ्या, आणि चार्जरची तिसरी पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात खुपसली असेल तर ते आजच बदला.

तयारी

लॅपटॉप सुरू होत असेल तर सगळ्यात आधी डेटा दुसरीकडे घ्या: सातबारा, दाखले, लग्नाचे फोटो, सगळं. तळाच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. मोठ्या कंपन्या बऱ्याच मॉडेलांचं सर्व्हिस मॅन्युअल आपल्या साइटवर फुकट ठेवतात. त्यात कुठला स्क्रू कुठे दडलाय याची चित्रं असतात. व्हिडिओपेक्षा मला हे मॅन्युअल जास्त भरवशाचं वाटतं, कारण व्हिडिओतलं मॉडेल बरेचदा एका अक्षरानं वेगळं निघतं.

सामान थोडंच लागतं. फुलीच्या टोकाचा झिरो नंबरचा चांगला स्क्रू ड्रायव्हर, एक डबल झिरो, जुनं एटीएम कार्ड, रंगकामाचा मऊ ब्रश, खोडरबर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि थर्मल पेस्टची, म्हणजे चिपची उष्णता धातूकडे नेणाऱ्या लेपाची, छोटी ट्यूब. स्क्रू ड्रायव्हरमध्ये पैसे वाचवू नका. हलक्या पोलादाचं टोक स्क्रूचं डोकं खाऊन टाकतं, आणि तसा स्क्रू काढण्यात बाकीच्या सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ जातो. अल्कोहोलच्या जागी हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

टेबलावर फिकट रंगाची सुती चादर अंथरा, म्हणजे पडलेला स्क्रू दिसतो. डोक्यावरचा पंखा बंद ठेवा. मे महिन्यात हे काम सकाळी दहाच्या आत उरकलेलं बरं, घामाचा थेंब बोर्डावर नको. हिवाळ्यात हवा कोरडी असते, तेव्हा नायलॉनचं स्वेटर किंवा ब्लँकेट अंगावर ठेवू नका. अंगावरच्या स्थिर विजेचा एक चटका रॅमला पुरतो. मधूनमधून नळाला किंवा खिडकीच्या उघड्या लोखंडी गजाला हात लावत राहा.

खोलणे

लॅपटॉप पूर्ण शटडाउन करा, नुसतं झाकण मिटू नका. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर खटके सरकवून काढा आणि पॉवरचं बटण वीस सेकंद दाबून धरा, उरलीसुरली वीज निघून जाते. बॅटरी आत असेल तर तळ उघडल्याबरोबर पहिलं काम तिचा कनेक्टर सोडवण्याचं. वायर ओढायची नाही, प्लास्टिकच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी नखानं हळूहळू पुढे सरकवायचं. बटण त्यानंतर दाबा.

आता पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. आखूड भोकात लांब स्क्रू पिळला की तो वरच्या प्लास्टिकला फोड आणतो किंवा बोर्डात घुसतो.

दिसणारे स्क्रू निघाले तरी तळ हलत नसेल तर जोर लावू नका, कुठेतरी एक स्क्रू राहिलाय. रबरी पायांखाली बघा. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तिचा एक स्क्रू काढून ती बाहेर ओढा, तिच्या पोकळीत दोन-तीन बारीक स्क्रू हमखास सापडतात. काही मॉडेलांत कीबोर्डखालीही असतात. मग फटीत एटीएम कार्ड घालून कडेकडेनं फिरवा, क्लिपा टकटक आवाज करत सुटतील. झाकण एकदम उचलायचं नाही. कीबोर्डची आणि टचपॅडची चपटी पट्टी खालून जोडलेली असू शकते. त्या पट्टीच्या कनेक्टरला बारीक काळी किंवा तपकिरी पापणी असते. ती नखानं उभी करायची, मग पट्टी सरळ रेषेत बाहेर येते. ही पापणी मोडली तर कीबोर्ड पुन्हा नीट बसत नाही. सगळ्या कामात दमानं घ्यायची जागा हीच. दर टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा.

पंखा

नुसती बाहेरून हवा मारून हे काम होत नाही. पंख्याची हवा तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांमधून बाहेर जाते, आणि धूळ-कापसाचा थर नेमका पंखा आणि पात्यांच्या मधे, आतल्या बाजूला बसतो. काढला की घोंगडीच्या तुकड्यासारखा अखंड हातात येतो. बाहेरून हवा मारली तर तो सुटून पंख्यात जाऊन अडकतो. म्हणून पंख्याचे तीन-चार स्क्रू आणि कनेक्टर काढून पंखाच बाहेर घ्या, थर चिमट्यानं उचला, मग ब्रश फिरवा. फुंकणीनं किंवा ब्लोअरनं हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते भन्नाट फिरतं आणि बेअरिंग खराब होतं. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारणारे पुष्कळ आहेत. त्या हवेत पाणी असतं आणि दाबही फार असतो, ते टाळा.

पंखा साफ करूनही मशीन तापत असेल तर हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता पंख्यापर्यंत नेणारा धातूचा भाग, काढावा लागतो. त्याच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट्या क्रमानं, प्रत्येक स्क्रू थोडा-थोडा सैल करायचा. पेस्ट वाळून चिकटलेली असली तर हीटसिंक वर उपटू नका, किंचित डावीकडे-उजवीकडे हलवा. जुनी पेस्ट अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती चिंधीनं पुसा, चिपचा आरसा दिसेपर्यंत. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, मधोमध. जास्त लावल्यानं जास्त थंड होत नाही. शेजारच्या लहान चिपांवर राखाडी किंवा निळे मऊ तुकडे असतात, ते थर्मल पॅड. त्यांना हात न लावता जागच्या जागी राहू द्या. त्यांच्या ऐवजी पेस्ट लावली तर मधली फट भरून निघत नाही. बसवताना १ पासून क्रमानं, समान पिळत जा.

रॅम आणि डिस्क

रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ढकला, पट्टी तिरकी वर येते. सोनेरी दातांवरून खोडरबर हलकेच फिरवा, चुरा झटका, खाच जुळवून तिरकी घाला आणि खटका बसेपर्यंत दाबा. काळ्या पडद्याचे कितीतरी लॅपटॉप एवढ्यावरच सुरू होतात. रॅम वाढवायची असेल तर जुन्या पट्टीवरचं लेबल वाचा. डीडीआर३ची साधी पट्टी १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ वर, डीडीआर४ १.२ वर. कित्येक लॅपटॉपांना डीडीआर३एलच लागते.

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, घाला. अडीच इंची साटा (जुन्या डिस्कच्याच कनेक्टरची) एसएसडी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी तशीच बसते. जुनी डिस्क बहुधा ९.५ मिलिमीटर जाडीची असते आणि नवी ७ मिलिमीटरची, म्हणून सोबत आलेली चौकट लावा, नाहीतर ती खुळखुळते. जुनी डिस्क फेकू नका, यूएसबीच्या डबीत घातली की ती पेनड्राइव्हसारखी वापरता येते.

मग प्रश्न येतो कुठली सिस्टीम टाकायची. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणाऱ्या मोफत नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्या, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं. त्याहून जुन्या मशीनवर लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाका. महाडीबीटीचे फॉर्म, मुलांचा अभ्यास, मराठी टायपिंग सगळं त्यावर होतं. टॅलीवर हिशेब असेल तर मात्र विंडोजशिवाय इलाज नाही.

घड्याळ, बिजागरी, सांडलेला चहा

दरवेळी तारीख मागे जात असेल आणि वेबसाइटी 'असुरक्षित' म्हणून उघडत नसतील तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदला. बहुतेक तो मनगटी घड्याळाच्या दुकानातही मिळतो. काही मॉडेलांत त्याला वायर लावलेली असते, तेव्हा तसाच वायरसकट घ्या.

बिजागरीचं कोपऱ्यातलं प्लास्टिक फुटतं, कारण बिजागरी गंजून कडक होते आणि झाकण उघडताना सगळा जोर स्क्रू बसतात त्या प्लास्टिकमधल्या पितळी बुशांवर येतो. नुसतं एरल्डाइट भरून जोडलं तर महिन्याभरात पुन्हा फुटतं. आधी बिजागरीचा नट पाव फेरी सैल करा, तेलाचा एक थेंब द्या, झाकण एका बोटानं उघडायला लागलं की मग बुश जागेवर ठेवून चिकटवा. रात्रभर हात लावू नका.

चहा सांडला तर लगेच चार्जर आणि बॅटरी काढून लॅपटॉप पालथा घाला. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, साखर आतच राहते. खोलून अल्कोहोलनंच पुसावं लागतं.

बॅटरी

टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल तर बॅटरी फुगली आहे. ती चार्ज करू नका, दाबू नका, तिला टोकदार काही लावू नका. भोक पडलं तर लिथियम पेट घेतं. चिकटवलेली असेल तर धातूनं खरवडू नका. काढून कोरड्या वाळूच्या बादलीत, घराबाहेर सावलीत ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा विकणाऱ्याकडे द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारवाल्याला देऊ नका, तो ती फोडतो.

जोडताना

काढलं त्याच्या उलट्या क्रमानं जोडा, बॅटरीचा कनेक्टर सगळ्यात शेवटी. सगळे स्क्रू पिळायच्या आधी एकदा चालू करून बघा. रॅम बदलली असेल तर पहिल्यांदा पडदा मिनिटभर काळा राहू शकतो, घाबरून बटण दाबू नका. पंखा फिरतोय का, कीबोर्डची सगळी बटणं चालतात का, वायफाय सापडतं का, एवढं तपासा. वायफाय अशक्त झालं असेल तर कार्डावरच्या काळ्या-पांढऱ्या दोन बारीक वायरी निसटल्या असतील. तरच बंद करून, कनेक्टर पुन्हा सोडवून, उघडा. नाहीतर स्क्रू पिळा आणि तासभर व्हिडिओ लावून ठेवा. मागच्या जाळीतून येणारी हवा गरम लागायला हवी. हवाच येत नसेल तर पंख्याचा कनेक्टर बसलेला नाही.

पुढची सफाई कापूस विकला गेल्यावर, उन्हाळा तापायच्या आत करा.