सावंतवाडीसारख्या ठिकाणी स्मृतिवस्तूंचं दुकान मांडताना

राजवाडा पाहून बाहेर पडणारा माणूस जे पाहिलं त्याची आठवण शोधत असतो. म्हणून दुकान बाहेर पडायच्या वाटेवर हवं आणि त्यात तिथलीच कारागिरी हवी: गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते), लाखकामाची लाकडी फळं, लाकडी खेळणी. कुठेही मिळणाऱ्या की-चेननी अर्धं दुकान भरलं, की चितारआळीतून, म्हणजे कारागिरांच्या आळीतून, येणारा माल कोपऱ्यात ढकलला जातो.

तीनशे चौरस फुटांचं दुकान धरा. त्यातले किमान साठ फूट साठवणुकीला काढा, नाहीतर खोकी रॅकखाली येतात. मधली वाट चार फुटांची ठेवा, व्हीलचेअर सहज जाते. गल्ला असा बसवा की तिथून सगळी कपाटं दिसतील. दोन ते तीन फुटांच्या उंचीवर मुलांचा माल, पन्नास ते शंभर रुपयांतला. सहलीची मुलं तेवढेच पैसे घेऊन येतात. चार ते पाच फुटांवर मधल्या किमतीच्या वस्तू.

दशावतारी गंजिफेचा संच १२० गोल पानांचा: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं. पूर्ण संच उघडा टाकू नका. मत्स्याची बाराच पानं काचेखाली मांडा, राजा आणि प्रधान आधी, मग एक्का ते दश्शा. बाकी संच डब्यात. उन्हाचा कवडसा पडेल तिथे हे कपाट नको, रंग उडतात. दिवे एलईडी, ३००० केल्विनचे, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) नव्वदच्या वर. नाहीतर लाखेचा लाल रंग मळकट दिसतो.

खरी परीक्षा जूनपासून. रॅक भिंतीपासून दोन इंच पुढे, खालचा कप्पा जमिनीपासून नऊ इंच वर. आर्द्रतामापक लावा, काटा साठ टक्क्यांच्या वर राहिला तर डीह्युमिडिफायर चालू करा. रंगवलेली फळं एकमेकांना टेकली तर दमट हवेत चिकटतात, आणि बबल रॅप थेट गुंडाळला तर त्याचे गोल ठसे रंगावर उमटतात. आधी बटर पेपर, मग वरचं वेष्टन.

माल घेताना देठाजवळ भेग आहे का पाहा. ओल्या लाकडाची वस्तू एसीत आठवड्याभरात तडकते आणि गिऱ्हाईक कारागिराला दोष देतं. दिवाळी-नाताळची ऑर्डर दोन महिने आधी द्या, हातकाम घाईत होत नाही. निम्मे पैसे ऑर्डरबरोबर, उरलेले माल ताब्यात घेताना. ‘विकलं गेलं तर पैसे’ असा व्यवहार ठेवलात तर चांगला नग दुसरीकडे जातो, तुमच्याकडे उरलेला येतो, आणि ते रास्तच आहे.

प्रत्येक वस्तूजवळ तीन ओळींचं कार्ड: वस्तू काय, लाकूड कुठलं, केली कुणी. कारागिराचं नाव त्याच्या परवानगीने जरूर छापा.

जांभ्याच्या जाड भिंतींत मोबाईलची रेंज जाते, यूपीआय अडकतं. गल्ल्यापाशी वायफाय आधीच ओढून घ्या.