कॉम्प्युटरचा नंबर आणि तक्त्याचा नंबर

चष्म्याच्या दुकानांवर 'कॉम्प्युटरवर डोळे तपासून मिळतील' अशी पाटी असते. त्यामुळे ऑप्टोमेट्रीला (डोळ्यांचा नंबर तपासण्याच्या कामाला) नव्याने आलेल्यांनाही वाटतं, मशीनची स्लिप निघाली की तपासणी झाली. हे मशीन, म्हणजे ऑटोरिफ्रॅक्टोमीटर, डोळ्यात इन्फ्रारेड किरण सोडून नंबराचा अंदाज काढतो. पेशंटला दिसतं किती, हे त्याला कळत नाही. ते अक्षरांचा तक्ताच सांगतो, मग तो छापील असो की स्क्रीनवरचा.

मशीनवर हनुवटी आणि कपाळ दोन्ही नीट टेकलेलं हवं. पेशंटला दोनदा पापणी मिटायला सांगा, मग आतल्या चित्राकडे पाहायला, आणि प्रत्येक डोळ्याची किमान तीन रीडिंग घ्या. तिन्हींत अर्ध्या नंबराचा फरक पडत असेल तर स्लिप फाडून पुन्हा घ्या: अश्रूंचा थर वाळलेला असतो, पापणी आड येते, किंवा पेशंट जवळ फोकस करत असतो. मोतीबिंदू पिकला असेल किंवा बाहुली फार लहान असेल तर मशीन बहुधा एरर दाखवतं.

लहान मुलांच्या बाबतीत स्लिपवर सर्वांत कमी विसंबा. चित्र दूरचं भासवलेलं असलं तरी मूल जवळ फोकस करतं आणि मायनस वाढून येतो. समजा स्लिपवर -१.२५ आहे. ट्रायल फ्रेममध्ये (भिंगं बदलता येणाऱ्या तपासणीच्या चष्म्यात) तो नंबर घाला आणि वर +१.०० चं भिंग लावा. वाचन ६/१८ च्या आसपास घसरायला हवं (नीट नजरेला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं; ६/६ म्हणजे नीट नजर). मूल तरीही ६/६ वाचत असेल, तर मशीनने मायनस जास्त दिलाय. मग वाचन धूसर होईपर्यंत प्लस वाढवा, तिथून पावपावने (०.२५ ने) कमी करत या आणि सगळ्यांत कमी मायनसमध्ये ६/६ येतं तिथे थांबा. शेवटच्या पावाला "आता अक्षरं स्पष्ट झाली, की नुसती लहान आणि काळी झाली?" असं विचारा. लहान-काळी म्हणालं तर तो पाव काढून घ्या. तरी शंका उरलीच, तर डॉक्टरांकडून डोळ्याचं फोकस करणं थांबवणारे थेंब घालून तपासणी करून घ्या.

आता तक्ता. डच नेत्रतज्ज्ञ स्नेलेनने १८६२ मध्ये आपल्या तक्त्यासाठी मांडलेलं गणित साधं आहे: ६/६ चं अक्षर ६ मीटरवरून ५ मिनिटांचा कोन करतं (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे त्याची उंची सुमारे ८.७ मिलिमीटर. या तक्त्याची अडचण अशी की वर एकच अक्षर, खाली सात-आठ, आणि ओळींमधल्या पायऱ्याही असमान. लॉगमार तक्त्यात प्रत्येक ओळीत ५ अक्षरं आणि प्रत्येक अक्षराला ०.०२ गुण असतात, म्हणून थोडीशी सुधारणाही मोजता येते. शिवाय छापील तक्ता रांगेत बसलेल्यांना ऐकून पाठ होतो. स्क्रीनवर अक्षरं बदलता येतात, आणि हा तिचा खरा मोठा फायदा.

पण स्क्रीन बसवली की पट्टी घेऊन मोजा. ६ मीटरला ६/६० चं अक्षर ८७ मिलिमीटर, ३ मीटरला साडेत्रेचाळीस. खुर्ची सरकली की हिशोब चुकला. साध्या फुल एचडी मॉनिटरवर ३ मीटरला ६/६ च्या अक्षराची रेघ जेमतेम तीन-साडेतीन पिक्सेलची असते, त्यामुळे त्याखालच्या ओळींच्या कडा फाटतात. ब्राइटनेस आपोआप बदलणारी सेटिंग बंद ठेवा.

आणखी एक चूक फार जण करतात. खोली लहान म्हणून (अंतर दुप्पट करणारा) आरसा न लावता स्क्रीन थेट ३ मीटरवर ठेवतात आणि अक्षरं निम्मी करतात. अक्षर लहान करता येतं, अंतर नाही. ३ मीटरवरून येणारा प्रकाश ०.३३ नंबरएवढा फाकलेला असतो, म्हणून तिथे छान दिसलेला चष्मा घालून पेशंट रस्त्यावर गेला की लांबच्या बसची पाटी धूसर दिसते. आरसा लावा, नाहीतर शेवटी -०.२५ घालून खिडकीबाहेर लांबचं काहीतरी दाखवून खात्री करा.

डोळा झाकताना तळहाताने दाबू देऊ नका. ऑक्लुडर (डोळा झाकायची दांडीची चकती) वापरा, आणि पेशंट डोळा बारीक करून वाचतोय का ते पाहा. वाचन ६/९ च्या खाली असेल तर पिनहोल (बारीक छिद्राची चकती) लावा. त्याने सुधारलं तर बहुतेक वेळा नंबराचा प्रश्न; नाही सुधारलं तर भिंगं बदलत बसू नका, डॉक्टरांकडे पाठवा. केसपेपरवर आकड्यासोबत तक्ता कोणता आणि अंतर किती, तेही लिहा.