तोडलेलं रान परत येतंय का? पान, लाकूड आणि बी मोजून ओळखायची रीत

कोकणात रान तोडलं की ती जागा 'पडीक' झाली म्हणतात. पण पहिला पाऊस पडला की खुंटांना धुमारे फुटतात, मोकळ्या मातीत रानमोडीचं तण माजतं, आणि चार-पाच वर्षांत माणसाला आत शिरायला कोयता लागतो. बघणारा समाधानाने म्हणतो, झालं की जंगल परत! हिरवं झालं हे खरं. जंगल झालं का, हे रस्त्यावरून सांगता येत नाही.

त्यासाठी झाडांचे हिशेब बघावे लागतात. प्रत्येक झाडाकडे ऊन, पाणी आणि खत मर्यादित असतं. ते भराभर वाढण्यात उडवायचं की टिकून राहण्यात गुंतवायचं, हा त्याचा व्यवहार पानाच्या जाडीत, लाकडाच्या वजनात आणि बियांच्या आकारात दिसतो. हे सगळं घरच्या साधनांनी मोजता येतं. शाळेतल्या मुलांनाही जमतं, फक्त चार-पाच दिवसांचा धीर हवा.

साहित्य: सोनं तोलायला वापरतात तसला ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा (ऑनलाइन स्वस्तात मिळतो), आलेखाचा कागद, शिंप्याची टेप, घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं, एक सुई आणि वही. वेळ म्हणाल तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पानं तेव्हा पुरती जून झालेली असतात आणि पानगळ सुरू व्हायची असते. फेब्रुवारीत गेलात तर अर्धी झाडं उघडीबोडकी भेटतील.

पायरी १. तीन जागा निवडा

एक जागा तीन-चार वर्षांपूर्वी तोडलेली, दुसरी पंधरा-वीस वर्षं हात न लागलेली, आणि तिसरी तुलनेसाठी जुनी. आपल्याकडे ही तिसरी जागा म्हणजे देवराई. तोड कधी झाली हे सातबाऱ्यावर मिळणार नाही, ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावं. "धाकट्याच्या लग्नाला लाकडं तिथलीच तोडली होती" असं उत्तर येतं आणि वर्ष नेमकं सापडतं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरंचसं रान मालकीचं आहे, तेव्हा मालकाला सांगून जा. सरकारी वनात वनखात्याची परवानगी लागते. देवराईत मात्र मानकऱ्यांनी होकार दिला तरी काही तोडू नका. तिथली झाडं फक्त ओळखा आणि घेर मोजा, पानं त्याच जातीच्या बाहेरच्या झाडाची घ्या.

प्रत्येक जागी दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखा. त्यात छातीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर, ज्यांचा घेर दहा सेंटिमीटरहून जास्त आहे अशा सगळ्या खोडांची नोंद करा. नाव येत नसेल तर फोटो काढा आणि गावात काय म्हणतात ते लिहा. मात्र एकाच झाडाला दोन वाड्यांत दोन नावं असतात, हे धरून चाला.

पायरी २. आधी बुंध्याशी वाका

परदेशी पुस्तकांतल्या रीतीत ही पायरी बरेचदा शेवटी येते. कोकणात ती पहिली हवी. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, ऐन-किंजळीच्या झाडांचं कवळ (पानांसकट डहाळ्या) तोडायची इथली जुनी चाल. शिवाय जळाऊ लाकडासाठी ठरावीक वर्षांनी अख्खं रान साफ करणं चालूच असतं. त्यामुळे तोडलेल्या जागी उभी दिसणारी बरीच झाडं बियांतून आलेलीच नसतात, ती जुन्या खुंटाची असतात.

ओळख सोपी आहे. एकाच बुडातून तीन-चार खोडं, मध्ये कुजलेला किंवा काळा पडलेला कापाचा भाग, तळाशी जाड गाठ. अशा झाडापुढे वहीत 'खुं' लिहा आणि एकट्या सरळ रोपापुढे 'बी'.

याने पुढचा सगळा अर्थ बदलतो. खुंटातून आलेल्या किंजळीखाली पन्नास वर्षांची मुळं असू शकतात. तिला उन्हाशी आणि गवताशी नव्याने झगडावं लागत नाही. चार वर्षांच्या रानात जड लाकडाची झाडं दिसली म्हणून 'रान लवकर पिकलं' असा निष्कर्ष काढाल तर फसाल. ते रान मुळात गेलेलंच नव्हतं. आणि जिथे जेसीबीने खुंट मुळासकट उपटून सपाटी केली, तिथे ही सगळी ठेव एका दिवसात संपते. चौकोनात 'खुं' किती आणि 'बी' किती, या एका आकड्याइतकं दुसरं कुठलंच मोजमाप मला कोकणात उपयोगी पडलेलं नाही.

पायरी ३. पान: शाकारणी की कौलं?

प्रत्येक जातीची निदान पाच झाडं निवडा. प्रत्येकाची उन्हात असलेली, पूर्ण वाढलेली, किडीने न खाल्लेली दोन-तीन पानं घ्या. सावलीतलं पान घेऊ नका. एकाच झाडाचं सावलीतलं पान उन्हातल्यापेक्षा पातळ असतं, आणि अंजनीसारख्या सावकाश वाढणाऱ्या झाडाचं सावलीतलं रोपटंही मग भराभर वाढणाऱ्या उतावळ्या झाडासारखं भासतं. पानं ओल्या कपड्यात गुंडाळून पिशवीत ठेवा. घरी देठ पाण्यात बुडवून रात्रभर राहू द्या. सकाळी पुसून वजन करा, हे ओलं वजन. मग आलेखाच्या कागदावर कडेने पेन्सिल फिरवून चौकोन मोजा, हे क्षेत्रफळ. चांदाड्याचं ढालीएवढं पान कागदावर मावत नाही, ते कापून दोन-तीन तुकड्यांत मोजावं. कुड्याच्या चिकाने काटा चिकट होतो, खाली कागद ठेवा.

मग वाळवणं. प्रयोगशाळेत ७० अंश तापमानाला तीन दिवस ठेवतात. घरी आधी वर्तमानपत्रात दाबून कडक उन्हात, मग ओव्हन असेल तर मंद आचेवर. दोन वेळा तोलून वजन तेच आलं की पान वाळलं.

आता भागाकार. समजा एक पान ६० चौरस सेंटिमीटर आणि वाळून ०.४ ग्रॅम भरलं, तर एका ग्रॅममागे १५० चौरस सेंटिमीटर. दुसरं ४० चौरस सेंटिमीटर आणि ०.५ ग्रॅम, म्हणजे ग्रॅममागे फक्त ८०. पहिल्या झाडाने तेवढ्याच मालात जवळजवळ दुप्पट पान पसरलं. पेंढ्याची शाकारणी आणि कौलं यांत जो फरक, तोच इथे. शाकारणी स्वस्त आणि झटपट, पण वर्षा-दोन वर्षांनी परत करायची. कौलांना खर्च जास्त, पण ती टिकतात. पातळ पान ऊन लवकर कमावतं, किडीला आवडतं, लवकर गळतं. जाड पान सावकाश कमावतं आणि दीर्घकाळ टिकतं. ही देवघेव एकट्या सह्याद्रीची नव्हे. २००४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात जगभरातल्या १७५ ठिकाणच्या २,५४८ जातींच्या पानांत हाच एक चढ-उतार सापडला.

वाळलेल्या वजनाला ओल्या वजनानेही भागून ठेवा. पाणीदार पान ०.२५ च्या आसपास येतं, चिवट पान ०.४ च्या वर जातं. क्षेत्रफळ मोजताना हात चुकला असेल तर या दुसऱ्या आकड्यावरून कळतं.

पायरी ४. लाकूड तोला

झाड तोडायचं नाही. बोटाएवढी जाड, नुकती मोडलेली किंवा बेणणीत (झुडपं साफ करताना) छाटलेली फांदी पुरते. साल सोला, पाच-सहा सेंटिमीटरचा तुकडा घ्या. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. तुकड्याला सुई टोचून तो पाण्यात पूर्ण बुडवा, पण पेल्याच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर त्या तुकड्याचं आकारमान. मग तुकडा ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोडं वर, वजन थांबेपर्यंत वाळवा. वाळलं वजन भागिले आकारमान, ही लाकडाची घनता. फांदीचा आकडा खोडाच्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही, पण जातींची आपसांत तुलना करायला चालतो.

हलकं लाकूड म्हणजे कमी मालात जास्त उंची. चांदाडा आणि खरगोल याच जिवावर दोन पावसाळ्यांत डोक्यावर जातात, आणि वादळात मोडतात, लवकर पोखरले जातात. जड लाकूड महाग पडतं, पण बुरशीला आणि पाण्याच्या ताणाला दाद देत नाही.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, सावर. तिचं लाकूड ०.३ ते ०.४ इतकं हलकं, तरी ती मोठं आयुष्य काढते. उन्हाळ्यात पानं टाकून, खोडात पाणी राखून ती वेगळाच संसार करते. एका आकड्यावरून झाडाचा स्वभाव ठरवू नये तो यासाठी. दुसरं जास्त महत्त्वाचं. नेदरलँड्समधल्या वाखनिंगन विद्यापीठातले लोरेन्स पोर्टर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या ५० ठिकाणच्या रानांची तुलना मांडली. ओल्या रानात आधी हलक्या लाकडाची झाडं येतात आणि रान वाढेल तशी घनता चढते. कोरड्या रानात उलट. तिथल्या उघड्या, तापलेल्या जमिनीवर आधी जड लाकडाचीच तगतात, आणि सावली झाल्यावर हलकी येतात.

कोकण यातलं कुठलं? जून ते सप्टेंबर ओलं आणि उरलेले सात-आठ महिने कोरडं. म्हणून एकाच डोंगरावर दोन्ही गोष्टी बघायला मिळतात: वहाळाच्या (ओढ्याच्या) काठाला चांदाडा, आणि वरच्या जांभ्याच्या उतारावर ऐन-किंजळ. चौकोन आखताना वहाळ किती दूर आणि माती किती खोल, हे लिहिलं नसेल तर घनतेचा आकडा वाचताच येत नाही. मी पहिल्या वर्षी लिहिलं नव्हतं. सगळी तोलाई वाया गेली.

पायरी ५. बी कोणी आणलं?

बियांचं वजन करणं सोपं आहे, दहा-वीस एकदम तोलून भागाकार करा. त्याहून मोलाचा प्रश्न: हे बी इथवर आलं कसं? किंजळीचं आणि ऐनाचं पंखांचं फळ आणि कुड्याचं शेंडीवालं बी वाऱ्यावर येतं. खरगोलाची फळं बुलबुल खातात. त्याचं बारीक बी मातीत पडून राहतं आणि वर उजेड झाला की उगवतं. जांभूळ, रातांबा (कोकम) यांचं मोठं बी आईने शिदोरी बांधून दिल्यासारखं असतं, त्या शिदोरीवर रोप सावलीत दिवस काढतं. पण हे बी वाळलं की मरतं. मातीत साठून राहत नाही. आणायला धनेश, उदमांजर, वटवाघूळ असं कुणीतरी लागतं, आणि जवळपास फळणारं झाड लागतं. म्हणून सर्वांत जवळची देवराई किती अंतरावर, हेही वहीत हवंच.

पायरी ६. हिशेब जुळवा

जातींची साधी सरासरी काढू नका, कारण करंगळीएवढं रोप आणि कवेत न मावणारा आंबा सारखे नव्हेत. प्रत्येक खोडाच्या घेराचा वर्ग हे त्याचं वजन धरा. चांदाडा ४० सेंटिमीटर घेराचा, घनता ०.४, किंजळ २० सेंटिमीटरची, घनता ०.७. वर्ग १६०० आणि ४००. (१६०० × ०.४ + ४०० × ०.७) भागिले २००० म्हणजे ०.४६. साधी सरासरी ०.५५ आली असती. हेच पानांच्या आकड्याचंही करा, आणि तिन्ही जागा शेजारी-शेजारी मांडा. 'खुं' आणि 'बी' यांचे आकडे वेगवेगळे काढलेत तर बरंच काही उलगडेल.

वीस वर्षांच्या रानाचे आकडे देवराईजवळ पोचलेले दिसले तर हुरळून जाऊ नका. अमेरिका खंड आणि पश्चिम आफ्रिकेतल्या ७७ ठिकाणांवर बेतलेल्या २०२१ च्या अभ्यासात असं दिसलं, की माती दहा वर्षांच्या आत सावरते, पानं-लाकडाचे गुण पंचवीस वर्षांच्या आत, पण मूळच्या जातींचा मेळ परत यायला एकशेवीसहून अधिक वर्षं लागतात. म्हणजे रान काम तेच करू लागतं, माणसं मात्र वेगळी.

पायरी ७. मग हात कुठे लावायचा

चौकोनात 'खुं' भरपूर असतील तर झाडं लावायचा खर्चच करू नका. वणवा आणि कोयता दूर ठेवा, प्रत्येक खुंटावरचे जोमदार एक-दोन धुमारे राखून बाकीचे काढले तरी चालेल. जेसीबी फिरलेल्या जागेवर चांदाडा, खरगोल, ऐसर आपणहून येत असतील तर त्यांना 'कुचकामी झाडं' म्हणून बेणू नका. मी एकदा तसं साफ करून उघड्यावर सीताअशोकाची रोपं लावली होती. एप्रिलपर्यंत एकही उरलं नाही.

मोठ्या बियांची झाडं तेवढी हाताने आणावी लागतात. मे महिन्यात रातांबे फोडले की बिया उन्हात न टाकता ओल्या मातीत किंवा गोणपाटात ठेवा, आणि पाऊस लागताच चांदाड्याच्या सावलीत, पाचोळा बाजूला सारून, पेरभर खोल टोचा.