अ‍ॅल्युमिनियमच्या होडीला घरच्या घरी रंग

इथे अमेरिकेतल्या मिनेसोटात मासेमारीचा मोसम मे महिन्यात उघडतो, त्यामुळे आमची १४ फुटी होडी एप्रिलअखेर रंगाला काढते. आधी गळती बघा. होडी ट्रेलरवर असतानाच आत दोन-चार बादल्या पाणी ओता आणि खाली वाकून एकेक रिव्हेट (पत्रे जोडणारी खिळ्यासारखी मेख) तपासा. थेंब धरला की खडूने खूण. सैल रिव्हेट ठोकून घट्ट करा, नाहीतर मरीन सीलंट (पाण्यात टिकणारं, फट बुजवायचं लुकण) भरा; रंगाने गळती थांबत नाही.

मग साबणाने तेलकटपणा काढून, सुकवून ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा. तोंडाला मास्क हवाच. होडी १९७८ च्या आधीची असेल तर रंगात शिसं असू शकतं, तिथे कोरडं घासूच नका. लोखंडी तारेचा ब्रशही नको: त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तिथून गंज पत्रा खायला लागतो.

खरी मेख पुढे आहे. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून घासलं त्याच दिवशी सेल्फ-एचिंग प्रायमर (पत्र्याला किंचित कोरून घट्ट धरणारा पहिला थर) मारा, अगदी पातळ. वर मरीन इनॅमलचे, म्हणजे होड्यांसाठीच्या कडक रंगाचे, दोन हात. तापमान १० अंश सेल्सिअसखाली असेल तर थांबा.

तळाला तांबं असलेला रंग कोणी कितीही सुचवो, घेऊ नका. पाण्यात तांब्याच्या संगतीने अ‍ॅल्युमिनियमला भोकं पडतात.

रंग पुरता कडक होईपर्यंत होडी ट्रेलरच्या गाद्यांवर ठेवू नका, तिथेच चिकटून निघतो.