गावातली महायुद्धाची पाटी आणि तिच्यावर नसलेली नावं

सातारा-रत्नागिरीकडच्या पुष्कळ गावांत चावडीच्या, शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून इतके लोक गेले, पैकी इतके कामी आले. बस. साहेबानं आकडा कोरला, नावं नाही. मी जन्मभर तलाठी, दप्तर उपसायची खोड जात नाही. ती नावं कशी काढायची ते सांगतो.

आधी पाटी. तिला चुना, ऑइलपेंट, ॲसिड काहीही लावू नका. अक्षरं पुसट असतील तर अंधार पडल्यावर बॅटरी भिंतीला चिकटवून आडवी धरा. खाचेत सावली पडते आणि आकडा उठून दिसतो. तेव्हाच फोटो काढा.

कामी आलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं संकेतस्थळ आहे, फुकट. आडनावानं सुरुवात करू नका. कारकुनानं कानावर पडलं तसं नाव लिहिलंय, आडनाव कधी आहे, कधी नाही. गावाचं नाव टाका, चार तऱ्हेच्या स्पेलिंगनं. आणि जिल्हा जुना धरा: मालवण-कणकवलीचा माणूस ‘रत्नागिरी’त मिळेल, महाडचा ‘कुलाब्या’त. सिंधुदुर्ग आणि रायगड ही नावं १९८१ ची. शोध १९१८ वर थांबवू नका, तिथं ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरलेत.

बऱ्याच नावांपुढे बसरा दिसेल, म्हणजे इराकातलं बसऱ्याचं युद्धस्मारक. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका ‘बसऱ्याला गेला’ असंच म्हणायच्या. त्या स्मारकावरही आपल्या साध्या शिपायांचा आकडाच कोरलाय. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकातच कूतला तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला त्यांचा इंग्रज जनरल टाउनशेंड शरण गेला आणि शिपायांना तुर्कांच्या कैदेत वाळवंट तुडवावं लागलं. यातली पलटण आणि त्यानंतरची तारीख दिसली, तर माणूस कैदेत गेला असण्याची शक्यता धरा.

परतलेले मात्र या यादीत नसतात. त्यासाठी घरोघर पदक विचारायचं. पुष्कळ पदकं सोनाराकडे आटली, तरी एखादं पेटीच्या तळाशी निघतंच. कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते, भिंग लावा. राजाचा मुखवटा असलेलं, एरवी चांदीचं असणारं पदक काशाचं निघालं, तर तो माणूस बहुधा हमाल-मजुरांच्या तुकडीतला. त्याला वगळू नका.

आता माझ्या खात्याचं काम. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक मागा, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, गाव नमुना १४. कुणबी नोंदीसाठी हल्ली लोक तेच उपसतात. बरंचसं मोडीत आहे, वाचणारा सोबत न्या. १९१८ चा आश्विन-कार्तिक उघडा. कारण म्हणून ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’. युद्धाच्या गलबतांबरोबर जूनमध्ये मुंबईच्या गोदीत उतरलेली इन्फ्लुएंझाची साथ ती. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची माणसं वाढण्याऐवजी घटली, ती मुख्यतः तिच्यामुळे. हे मृत्यू पाटीच्या हिशेबात नाहीत, पण माझ्या मते ते युद्धाच्याच खात्यावर पडतात. वेगळं पान करून उतरवा.

यादी झाली की ग्रामपंचायतीत वेगळ्या फलकावर लावा, जुन्या दगडावर छिन्नी नको. भावकीवार लावू नका. वाद होतो, आणि महारवाड्यातली नावं शेवटी ढकलली जातात. १९१७ साली उभी केलेली १११ वी महार पलटण सरकारनं युद्ध संपल्यावर तीनेक वर्षांत मोडून टाकलीच होती. तेव्हा अकारविल्हे लावा, आणि ग्रामसभेत ठराव करून घ्या, म्हणजे पुढचा सरपंच फलक उतरवणार नाही.