गच्चीवरून चिनी ड्रॅगन कसा शोधायचा

नातीच्या टी-शर्टवर पंख पसरून आग ओकणारा ड्रॅगन आहे. "आजी, चीनचा हाच ना?" अजिबात नाही. चीनचा छिंगलोंग निळसर हिरवा, बिनपंखांचा. शिवाय तो आभाळात असतो आणि कोथरूडच्या आमच्या गच्चीवरून दिसतो.

मेचा शेवटचा आठवडा गाठा. वळवाच्या सरीने धूळ बसलेली हवी, चंद्र नको. रात्री अकराला वर जा. गच्चीची किल्ली मात्र दुपारीच मागून ठेवा. रात्री सेक्रेटरींची बेल वाजवून काय ऐकावं लागतं ते मला विचारा.

आधी उत्तरेचे सप्तर्षी. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे ओढत न्या: केशरी स्वाती लागते, मग पांढरी चित्रा. चित्रा हे ड्रॅगनचं शिंग. स्वातीलाही चिनी लोक 'मोठं शिंग' म्हणत. आता दक्षिणेकडे तोंड करा. उजवीकडे उंचावर चित्रा राहील. तिथून डावीकडे खाली उतरा. विशाखा फिकट आहे, समोरच्या बांधकामाच्या हॅलोजनपुढे तिचा नाद सोडा. अनुराधेचे तारे ओळीत सापडतात. त्यांच्या खाली लाल ज्येष्ठा, म्हणजे काळीज. तिचं जुनं नाव 'मोठी आग', आणि बघितल्यावर ते पटतं. पुढे मूळ नक्षत्राचा आकडा ही शेपटी. ड्रॅगनचं शेवटचं घर, म्हणजे ताऱ्यांचा गट, चक्क सूप, आपलं पाखडायचं!

चिनी आभाळात चार दिशांचे चार प्राणी आहेत, ड्रॅगन त्यातला पूर्वेचा. अशी सात घरं एकेका प्राण्याची. चौघांची मिळून 28. आपली नक्षत्रं 27, अभिजित धरलं तर तीही 28. हुपेइ प्रांतात इसवी सनापूर्वी 433च्या सुमाराचं एका सरदाराचं थडगं सापडलं. त्यातल्या लाखेच्या पेटीवर ही 28 नावं आहेत, एका बाजूला ड्रॅगन, दुसऱ्या बाजूला वाघ.

पांढऱ्या वाघासाठी डिसेंबरात स्वेटर घालून या. कृत्तिका आणि मृग त्याचेच. दक्षिणेचा लाल पक्षी आणि उत्तरेचं सापाने वेढलेलं कासव यांचे बरेच तारे फिकट, ते गावाकडे गेलात तर बघा.

ड्रॅगन पूर्वेचा का, हे नातीला मेमध्ये पटेना, कारण तो तर दक्षिणेला पसरलेला. मग मार्चमध्ये रात्री साडेनऊला तिला वर नेलं. चित्रा पूर्वेला नुकती उगवत होती. वसंत आला की ड्रॅगन असं डोकं वर काढतो, म्हणून चिनी पंचांगात दुसऱ्या महिन्याची द्वितीया त्याची. "आणि आपला चैत्र?" तिने विचारलं. पौर्णिमेचा चंद्र याच चित्रेपाशी येतो, म्हणून चैत्र. "म्हणजे ड्रॅगनच्या शिंगावर?" हो, तिथेच.