पावसाळ्यात कुक्कुटपालन सुरू करताय? आधी शेड कोरडी करा

पावसाळ्याच्या तोंडावर पहिली पिल्ले आणायचा विचार असेल, तर पिल्ले बुक करण्याआधी एखाद्या जोरदार सरीत शेडमध्ये उभे राहून बघा. छप्पर कुठे गळते, झड किती आत येते, जमिनीतून ओल चढते का, हे कोरड्या दिवसांत कळत नाही. या हंगामात नवख्या माणसाच्या बॅचचे जे नुकसान होते, त्याची सुरुवात बहुतेक वेळा ओलाव्यातून होते. जमिनीवर अंथरलेली तुसाची गादी ओली झाली की रक्ती हगवण येते, ओल्या खाद्यावर बुरशी चढते, गढूळ पाण्याने जुलाब लागतात आणि पडदे बंद करून कोंडलेल्या दमट हवेत पक्षी खोकू-शिंकू लागतात. औषधांची यादी करण्याआधी या चार वाटा बंद करा.

मांसासाठी की अंड्यांसाठी?

हा निर्णय आधी घ्या, कारण दोन्हींचा हिशोब अगदी वेगळा आहे. ब्रॉयलरचे, म्हणजे मांसासाठीच्या कोंबडीचे, एक दिवसाचे पिल्लू साधारण ४० ग्रॅमचे असते आणि चांगल्या व्यवस्थापनात ५ ते ६ आठवड्यांत ते २ किलोच्या आसपास पोचते. एक किलो वजनासाठी दीड ते पावणेदोन किलो खाद्य लागते. चूक-बरोबर लवकर कळते आणि पैसाही लवकर मोकळा होतो. मात्र वाढीचा वेग एवढा असतो की पहिल्या आठवड्यात मागे पडलेले पिल्लू पुढे भरून निघत नाही.

अंड्यांच्या कोंबडीचे, म्हणजे लेअरचे, काम लांब पल्ल्याचे. १८ ते २० आठवड्यांपर्यंत एकही अंडे नाही, नुसता खर्च. मग उत्पादन वाढत जाऊन २६ ते ३० आठवड्यांच्या सुमारास शिखर गाठते आणि ७२ ते ८० आठवड्यांपर्यंत कळप फायद्यात राहतो. चांगली संकरित लेअर वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते आणि रोज ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. ज्याच्याकडे पहिले पाच महिने काढण्याइतके भांडवल नाही, त्याने लेअरच्या वाटेला जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. पहिली बॅच ब्रॉयलरची, आणि तीही आपल्या हातांना झेपेल एवढीच लहान ठेवावी.

ऱ्होड आयलंड रेड किंवा ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प यांसारख्या दुहेरी उपयोगाच्या जाती परसात पाळायला बऱ्या. त्या काटक असतात, चरून थोडे पोट भरतात. पण वाढ सावकाश आणि अंडी लेअरपेक्षा बरीच कमी. एक सावधगिरी: स्वस्तात मिळतात म्हणून लेअर जातीची नर पिल्ले मांसासाठी घेऊ नका. ती ब्रॉयलरच्या निम्म्या वेगानेही वाढत नाहीत, खाद्य मात्र खात राहतात. आणि काहीही पाळा, एका शेडमध्ये दोन वयाचे किंवा दोन प्रकारचे पक्षी एकत्र ठेवू नका. सगळे एकदम आणायचे, सगळे एकदम काढायचे, आणि मधे शेड धुऊन, निर्जंतुक करून किमान दोन आठवडे रिकामी ठेवायची.

शेड आणि पडदे

उष्ण प्रदेशात शेडची लांबी पूर्व-पश्चिम आणि रुंदी ३० फुटांच्या आत असावी, म्हणजे हवा आरपार खेळते. जमीन आजूबाजूपेक्षा दीड-दोन फूट उंच आणि छप्पर भिंतीच्या बाहेर किमान तीन फूट आलेले हवे. छपराचे पाणी भिंतीलगत मुरू न देता चर काढून लांब न्या. ब्रॉयलरला प्रत्येकी १ चौरस फूट, गादीवरच्या लेअरला २ चौरस फूट जागा धरा. पावसाळ्यात यापेक्षा दाटी करू नका, कारण दाटी वाढली की गादी सुकायला वेळच मिळत नाही.

पडद्याबाबत सगळ्यात जास्त गफलत होते. अनेक जण पडदा वर बांधतात आणि खालून गुंडाळतात. अशाने गार वारा थेट पक्ष्यांच्या अंगावर येतो, तर उबदार, दमट, अमोनियाची हवा वरच अडकून राहते. पडदा खाली पक्का असावा आणि वरून उघडावा. रात्री, पाऊस चालू असतानाही, वरची फूट-दीड फूट फट मोकळी ठेवा. पिल्लांना थंडी वाजेल या भीतीने शेड चोहोबाजूंनी बंद केली, तर सकाळी आत गेल्यावर डोळे चुरचुरतात. आपल्या डोळ्यांना पाणी येते तेव्हा अमोनिया पक्ष्यांच्या सहनशक्तीपलीकडे गेलेला असतो. तोही उभ्याने तपासू नका; खाली बसा, पक्ष्यांच्या डोक्याच्या उंचीवर नाक आणा आणि मग ठरवा. रोज शेडमध्ये वावरणाऱ्याच्या नाकाला या वासाची सवय होते, म्हणून अधूनमधून घरच्या दुसऱ्या माणसालाही विचारा.

पहिले १४ दिवस

पिल्ले येण्याच्या २४ तास आधी ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारे दिवे किंवा शेगडी, चालू करा. हवा लगेच तापते, पण गादी आणि खालची जमीन तापायला वेळ लागतो. थंड गादीवर उतरलेले पिल्लू खात नाही, नुसते आकसून बसते. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी करत न्या. थर्मामीटर लावाच, पण शेवटचा शब्द पिल्लांचा. दिव्याखाली गर्दी करून चिवचिवाट चालला असेल तर ऊब कमी आहे. कडेला जाऊन, पंख पसरून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर जास्त आहे. सगळी एकाच बाजूला गोळा झाली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा लागतोय. गोलभर पसरून काही खाताहेत, काही झोपली आहेत, असे दिसले की बरोबर. चार-पाच पिल्ले उचलून त्यांचे पाय आपल्या गालाला लावा. पाय गार लागले तर कागदावरचे तापमान काहीही असो, ऊब वाढवा.

चिक गार्ड, म्हणजे ब्रूडरभोवती पिल्ले अडवणारे कडे, गोलच ठेवा. कोपरा मिळाला की पिल्ले तिथे एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. एका गोलात २५० ते ३०० पेक्षा जास्त पिल्ले नकोत. गादीवर पहिले दोन-तीन दिवस कागद अंथरा, त्यावर थोडे खाद्य पसरा आणि पाणी कोमट ठेवा. २४ तासांनी काही पिल्लांच्या मानेखालची अन्नाची पिशवी हाताने चाचपून बघा. ती भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. जवळजवळ प्रत्येक पिल्लाची तशी लागली, तर सुरुवात चांगली झाली. कडक लागली तर पाणी मिळालेले नाही, रिकामी लागली तर खाद्य सापडलेले नाही. अंड्यातला उरलेला बलक पिल्लाला दोन-तीन दिवस जिवंत ठेवतो खरा, पण त्या भरवशावर त्याला उपाशी ठेवू नये. जितके लवकर खाते तितकी आतडी लवकर तयार होतात.

पावसात वीज जाते, हे धरूनच दुसरी सोय करा. कोळशाची शेगडी वापरत असाल तर धूर बाहेर जायची वाट हवीच. बंद शेडमधला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही, आणि तो पिल्लांसोबत राखणदाराच्याही जिवावर उठू शकतो.

गादी

तूस किंवा लाकडाचा भुसा, दोन्ही चालतात. पावसाळ्यात थर तीन इंचांचा घाला. तूस पावसाआधीच आणून कोरड्या जागी साठवा. ऐन पावसात मिळणारे तूस बहुतेक वेळा दमट असते आणि त्यातली बुरशी पिल्लांच्या फुप्फुसात उतरते.

गादी तपासायची सोपी रीत: मूठभर घेऊन घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा झाला आणि लगेच सुटला, तर ओलावा ठीक. गोळा तसाच राहिला, तर ओल जास्त. अजिबात न जमता धूळ उडाली, तर फार कोरडी. ही तपासणी शेडच्या मधोमध करून उपयोग नाही. पाण्याच्या भांड्याखाली आणि झडीच्या बाजूला करा.

गादीतले पाणी पावसाचेच असते असे नाही. पक्षी खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी पितो. पाचव्या आठवड्यात १,००० ब्रॉयलर दिवसाला अडीचशे-तीनशे लिटर पाणी सहज पितात आणि त्यातले बरेचसे विष्ठेतून आणि श्वासातून शेडमध्येच उतरते. उन्हाळ्यात ते उडून जाते, पावसाळ्यात जात नाही. म्हणून रोज सकाळी गादी खालीवर करा आणि ढेपा झालेला भाग उचलून बाहेर टाकून तिथे नवे तूस घाला. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवा आणि वय वाढेल तशी वर चढवत जा. ओल्या गादीवर चुना टाकल्यास पाणी शोषले जाते, पण त्याच वेळी अमोनिया अधिक सुटतो. त्यामुळे चुना टाकल्यावर पडदे उघडेच ठेवा.

एवढा आग्रह का, तर रक्ती हगवणीमुळे. या रोगाच्या परजीवीची अंडी विष्ठेतून पडतात तेव्हा लगेच रोग देत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली की दिवस-दोन दिवसांत ती बाधक होतात. साधी जंतुनाशके त्यांना मारत नाहीत. कोरडी गादी हीच त्यांची मोठी अडचण. तीन ते सहा आठवड्यांच्या वयात विष्ठेत रक्त, पिसे फुगवून मलूल बसणे असे दिसले, तर वाट न पाहता पशुवैद्यकाला दाखवा.

खाद्य आणि पाणी

सुरुवातीच्या ब्रॉयलर खाद्यात २२ ते २३ टक्के प्रथिने, शेवटच्या टप्प्यात १८ ते २० टक्के. अंड्यावरच्या लेअरला साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागते. लहान पिल्लांना आणि तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या वाढत्या कोंबड्यांना) मात्र सुमारे एकच टक्का. उरलेले लेअर खाद्य पिल्लांना घालून संपवू नका, जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

पावसाळ्यात दहा-बारा दिवसांपुरतेच खाद्य आणा. पोती फळ्यांवर, जमिनीपासून अर्धा फूट वर आणि भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. मक्यात १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असेल तर साठवू नका. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा कारण शोधता शोधता भुईमुगाच्या बुरशीदार पेंडीत अफ्लाटॉक्सिन हे विष सापडले. ते उन्हात वाळवून किंवा भाजून पूर्णपणे जात नाही. बुरशी झटकून खाद्य वापरणे म्हणजे बुरशी टाकून विष ठेवणे. असे पोते फेकून द्यायचे, जनावरांनाही घालायचे नाही.

गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही. आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या, मग ब्लीचिंग पावडर घाला, अर्धा तास थांबा आणि शेवटच्या भांड्यातल्या पाण्यात २ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत २ ते ३ भाग) मुक्त क्लोरीन आहे का ते पट्टीने तपासा. पाण्यातून लस द्यायची असेल तर दोन दिवस आधी क्लोरीन बंद करा, नाहीतर लसीतला जिवंत विषाणू मरतो आणि लस दिली तरी पक्षी उघडेच राहतात.

लसी

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस ५ ते ७ व्या दिवशी डोळ्यात, गंबोरो रोगाची १२ ते १४ व्या दिवशी, लासोटाचा पुढचा डोस २१ ते २८ दिवसांदरम्यान, हा सर्वसाधारण क्रम. लेअरला याशिवाय पहिल्याच दिवशी मरेक रोगाची (ती उबवणी केंद्रावर दिली आहे याची खात्री करून घ्या), सहा-आठ आठवड्यांच्या सुमारास देवीची, आणि अंड्यावर येण्याआधी मानमोडीची इंजेक्शनची लस लागते. नेमके वेळापत्रक आपल्या भागातले रोग बघून पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, बर्फावरच आणा. कालवल्यावर दोन तासांत संपवा. आजारी कळपाला देऊ नका. हे सगळे विषाणूजन्य रोग आहेत, प्रतिजैविकांनी ते बरे होत नाहीत. इतर कारणासाठी डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलेच, तर औषध थांबवल्यावर ठरलेले दिवस उलटेपर्यंत मांस किंवा अंडी विकू नका.

अंड्यावर येणाऱ्या तलंगा

दिवस लहान होत जाण्याच्या काळात वाढलेल्या तलंगा वेळेआधी अंड्यावर येत नाहीत, हे त्यांच्या भल्याचेच आहे. शरीर भरण्याआधी अंडी सुरू झाली तर ती लहान राहतात आणि अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. म्हणून वाढीच्या काळात दिवे लावून उजेड वाढवू नका. अंडी सुरू झाली की दर आठवड्याला अर्धा तास वाढवत एकूण १६ तासांवर न्या आणि नंतर तो कमी होऊ देऊ नका. दर पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्यासाठी एक खुराडे ठेवा, त्यात कोरडे तूस घाला आणि अंडी दिवसातून तीन-चार वेळा गोळा करा. ओल्या गादीवर पडलेले अंडे पाण्याने धुऊन साठवू नका, कारण धुताना वरचा नैसर्गिक थर जातो आणि जंतू आत शिरतात. ते वेगळे ठेवून आधी वापरा.

रोजची नोंद

एका वहीत तीन आकडे रोज लिहा: मरतूक, खाद्य आणि पाणी. यातला पाण्याचा आकडा बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि तोच सगळ्यात आधी बोलतो. आजार येताना पक्षी बहुधा आधी पाणी कमी पितात, खाद्य नंतर सोडतात, मरतूक त्याच्याही नंतर दिसते. मेलेला पक्षी उघड्यावर किंवा ओढ्यात टाकू नका. पाण्याच्या स्रोतापासून लांब खोल खड्ड्यात चुना घालून पुरा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. एकाएकी बरेच पक्षी मेले, तुरे आणि चोचीखाली लोंबणारे गलोल निळे पडले किंवा डोकी सुजली, तर पक्षी फाडून बघू नका, विकू नका, शेडमधून काहीही हलवू नका. बर्ड फ्लूची शक्यता धरून शासकीय पशुवैद्यकीय यंत्रणेला त्याच दिवशी कळवा, आणि ते येईपर्यंत शेडमध्ये एकाच माणसाने, वेगळी चप्पल घालून जावे.